मीटरवर बारा व्होल्ट, तरीही डेक बंद : घरी बसवलेल्या कार स्टीरिओचे वायरिंग कसे तपासावे

घरी बसवलेल्या कार स्टीरिओत बिघाड झाला की पहिला संशय डेकवर, म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवलेल्या मुख्य यंत्रावर, घेतला जातो. डेक परत पाठवला जातो, दुसरा येतो, तोही तसाच वागतो, आणि मग स्पीकर बदलण्याचा विचार सुरू होतो. प्रत्यक्षात दोष बहुधा या वस्तूंमध्ये नसतो; तो त्यांना जोडणाऱ्या वायरींमध्ये, आणि त्यातही जिथे दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळलेली असते त्या सांध्यांमध्ये असतो. मराठवाड्यात या सांध्यांची परीक्षा जरा कडकच होते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ ते ४४ अंशांपर्यंत चढतो, काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो, आणि साध्या काळ्या टेपचा डिंक पातळ होऊन टेप सुटू लागते. पावसाळ्यात दारांमध्ये पाणी उतरते. सुगीनंतर ज्या पत्र्याच्या शेडमध्ये सोयाबीनचे कट्टे रचलेले असतात त्यातच गाडी उभी राहत असेल, तर उंदरांनी वायर कुरतडण्याची शक्यता वेगळी धरावी लागते.

ज्यांना स्क्रू ड्रायव्हर आणि पाना हाताळता येतो, परंतु मीटर कधी वापरलेले नाही, अशांसाठी हा लेख आहे. येथे सांगितलेले सर्व काही पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या साध्या गाडीतील १२ व्होल्टच्या वायरिंगपुरते आहे. हायब्रिड किंवा विजेवर चालणाऱ्या गाडीतील जाड नारिंगी केबलींना कोणत्याही कारणाने हात लावू नये. तसेच स्टिअरिंगखालून किंवा सीटखालून जाणाऱ्या पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि पिवळे कप्लर (वायरी एकमेकींना जोडणारे प्लग) सहसा एअरबॅगचे असतात, त्यांवर टेस्टर किंवा मीटर लावण्याचा मोह टाळावा.

हाताशी काय असावे

काही शे रुपयांचे साधे डिजिटल मीटर (व्होल्ट, अँपिअर आणि ओहम मोजणारे मल्टीमीटर) पुरते. त्याशिवाय बॅटरीचे टर्मिनल सोडवण्यासाठी दहाचा पाना, निरनिराळ्या क्षमतेचे चार-सहा फ्यूज, लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी) दाबण्याचा क्रिम्पिंग पक्कड, तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह, आणि बॅटरीपासून डिकीपर्यंत पोचेल एवढी लांब एक बारीक वायर जवळ ठेवावी. ही लांब वायर नवख्यांना बिनकामाची वाटते, पण पुढील निम्म्या चाचण्या तिच्यावाचून होत नाहीत.

याखेरीज एक वस्तू स्वतः तयार करावी. इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घ्यावा, त्याला होल्डरसह हात-दीड हात लांबीच्या दोन वायरी जोडाव्यात आणि टोकांना क्लिपा लावाव्यात. हा बल्ब पेटताना सुमारे पावणेदोन अँपिअर करंट घेतो. बाजारात मिळणाऱ्या एलईडीच्या टेस्टरने हे काम होत नाही, कारण तो जवळजवळ काहीच करंट घेत नाही.

बारा व्होल्ट दिसणे आणि बारा व्होल्ट मिळणे

संपूर्ण तपासणीतील हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, म्हणून येथे थोडे थांबू. डेकच्या पिवळ्या वायरीवर मीटर लावले, १२.४ व्होल्ट दिसले, म्हणजे वायर चांगली आहे असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो पुष्कळदा चुकीचा ठरतो. मीटर स्वतः नगण्य करंट घेते. वायरीच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटलेल्या असल्या तरी उरलेल्या एका तारेतून मीटरपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचते. डेक सुरू होऊन काही अँपिअर मागू लागला, की त्या एका तारेतून तेवढा करंट सुखाने जात नाही, व्होल्टेज आठ-नऊवर घसरते आणि डेक बंद पडतो. बंद पडताच मागणी संपते आणि मीटर पुन्हा बारा दाखवू लागते. ठिबकचा फिल्टर गाळाने भरलेला असला तरी पुढचा व्हॉल्व्ह बंद असेपर्यंत प्रेशर गेजचा काटा पूर्ण दाब दाखवतो, आणि व्हॉल्व्ह उघडताच काटा खाली येतो; वायरिंगमध्येही हेच होते.

यावरून नियम असा, की वायर करंट वाहत असताना तपासावी. तपासायच्या वायरीच्या टोकाला बल्बची एक क्लिप आणि लांब वायरीने आणलेल्या बॅटरीच्या मायनसला दुसरी क्लिप लावावी, बल्ब पेटलेला असताना त्याच्या दोन टोकांवर मीटर धरावे आणि आकडा बॅटरीवरील आकड्याशी ताडून पाहावा. फरक ०.३ व्होल्टच्या आत असेल तर त्या वायरीवर डेकपुरता विश्वास ठेवता येतो. फरक एक व्होल्ट किंवा अधिक असेल, तर वाटेत कुठेतरी सांधा कच्चा आहे. ओहमच्या पट्टीवर ठेवलेले मीटर असा सांधा पकडू शकत नाही, कारण दशांश ओहमाच्या आतील फरक स्वस्त मीटरच्या आवाक्याबाहेरचा असतो.

सुरुवात बॅटरीपासून

डॅशबोर्ड उघडण्याआधी बॅटरीवर मीटर लावावे. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करून मगच पुढे जावे. इंजिन चालू केल्यावर आकडा सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवा. अलीकडच्या काही गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचे व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त केले जाते, त्यामुळे आकडा हलता दिसला म्हणून लगेच घाबरू नये.

त्यानंतर फ्यूज. एक गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये असतो आणि बहुतेक डेकच्या मागच्या बाजूलाही १० किंवा १५ अँपिअरचा एक असतो. पात्यांच्या फ्यूजमध्ये १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा असतो. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून ठीक ठरवू नये. तो जागेवर असतानाच त्याच्या माथ्यावरील दोन उघड्या टोकांवर एकेक करून मीटर लावावे. दोन्हीकडे १२ व्होल्ट असतील तर फ्यूज शाबूत आहे, एकीकडेच असतील तर उडाला आहे. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालणे किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. तसे केल्याने फ्यूजऐवजी वायर तापते, आणि ती वायर गालिच्याखाली किंवा फोमला चिकटून असते. गाडीतील १२ व्होल्टचा झटका माणसाला बसत नाही हे खरे, परंतु शॉर्ट झाल्यास बॅटरी क्षणात काहीशे अँपिअर देऊ शकते.

डेक बाहेर काढून वायरी सोडवायच्या असतील तेव्हा बॅटरीचा मायनस आधी काढावा आणि काम संपल्यावर तो सर्वांत शेवटी लावावा. प्लस आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात.

डेक सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन विसरतो

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डेकच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी वायर म्हणजे बॅटरीतून सतत येणारा डायरेक्ट करंट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, आणि काळी म्हणजे अर्थिंग, अर्थात गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी वाट. निळी वायर अँटेनासाठी, निळी-पांढरी ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारे वेगळे यंत्र) सुरू करण्यासाठी आणि नारिंगी ही दिवे लावल्यावर डिस्प्ले मंद करण्यासाठी असते. हे रंग डेकच्या बाजूचे आहेत. गाडीच्या मूळ वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे निराळे असतात. त्यामुळे गाडीकडची पिवळी वायर डेककडच्या पिवळीला जोडून मोकळे होणे हा चुकीचा मार्ग आहे. गाडीच्या बाजूच्या प्रत्येक वायरीवर मीटर लावून, चावी बंद असताना काय येते आणि चालू केल्यावर काय येते, हे कागदावर लिहून मगच जोडणी ठरवावी. आपल्या गाडीच्या मॉडेलसाठी तयार कप्लर मिळत असेल तर मूळ वायरी न कापता तोच वापरावा. त्याची किंमत मूळ हार्नेस (वायरींचे जुडगे) कापल्यावर होणाऱ्या मनस्तापापेक्षा कमी असते, आणि वॉरंटीतील गाडीच्या बाबतीत वादाचे कारणही उरत नाही.

चावी बंद केली की घड्याळ, रेडिओची स्टेशने आणि ब्लूटूथची जोडणी पुसली जात असेल, तर पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झालेली आहे किंवा पिवळीला डायरेक्ट करंटच मिळत नाही. ठरलेल्या मापाच्या आयएसओ कप्लरमध्ये चार नंबरच्या पिनवर डायरेक्ट, सातवर चावीचा करंट आणि आठवर अर्थिंग असते. काही युरोपीय गाड्यांत मात्र चार आणि सात उलटे असतात. उलटपक्षी, चावी काढूनही डेक चालूच राहत असेल तर लाल वायर डायरेक्ट करंटला जोडली गेली आहे. कुटुंबाला गाडीत बसून गाणी ऐकता यावीत म्हणून ही जोडणी काही जण मुद्दाम करतात, आणि मग आठवड्याभरात गाडीला धक्का मारावा लागतो.

स्टार्टर मारताना डेक क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, हा दोष नव्हे. स्टार्टरला पूर्ण करंट मिळावा म्हणून तेवढा वेळ लाल वायरीचा करंट गाडीच तोडते. परंतु हॉर्न वाजवला, ब्रेक दाबला किंवा काच वर केली की डेक रीस्टार्ट होत असेल, तर तेथे अर्थिंग तपासावे लागते.

अर्थिंग : निम्मे दोष येथेच असतात

काळी वायर नवशिक्यांना दुय्यम वाटते. प्लसला जेवढा करंट येतो तेवढाच मायनसमधून परत जातो, ही साधी गोष्ट विसरली जाते आणि काळी वायर डॅशबोर्डमागच्या मिळेल त्या स्क्रूखाली दाबली जाते. तो स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पट्टीचा असू शकतो, किंवा रंग दिलेल्या पत्र्यावर असू शकतो, आणि रंगातून करंट जात नाही.

अर्थिंगच्या दोषाचे वैशिष्ट्य असे, की तो स्वतः समोर येत नाही. काळी वायर पूर्ण निसटली तरी डेक पुष्कळदा चालू राहतो, कारण करंट दुसरी वाट शोधतो: अँटेनाच्या केबलवरील जाळी, आरसीए केबलचे (डेकमधून ॲम्पकडे आवाज नेणाऱ्या केबलचे) बाहेरचे आवरण किंवा डेकची लोखंडी पट्टी यांतून तो बॉडीला पोचतो. या वाटा त्या कामासाठी नसतात. मग आवाजात शिट्टी मिसळते, रेडिओ खरखरतो, पार्किंगचे दिवे लावताच डिस्प्ले लुकलुकतो, आणि माणूस अँटेना बदलत बसतो. अशी एकमेकांशी संबंध नसलेली तीन-चार लक्षणे एकदम दिसू लागली, तर इतर काहीही उघडण्यापूर्वी काळी वायर पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणी अशी करावी. डेकमागील अँटेना आणि आरसीए काढून ठेवावेत, म्हणजे चोरवाटा बंद होतात. लांब वायरीचे एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर पक्के लावावे आणि दुसरे टोक मीटरच्या काळ्या काडीला जोडावे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल काडी डेकच्या काळ्या वायरीच्या सांध्यावर टेकवावी, डेक चालू करून आवाज वाढवावा. आकडा ०.१ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग उत्तम, ०.२ पर्यंत चालण्याजोगे, आणि अर्धा व्होल्ट दिसला तर सांधा सोडवून नव्याने करावाच लागेल. डेक सुरूच होत नसेल, तर बॅटरीच्या प्लसवरून फ्यूजसह आणलेली वायर आणि डेकची काळी वायर यांच्यामध्ये आपला बल्ब लावून हेच मोजमाप घ्यावे.

नवे अर्थिंग करताना बॉडीचा जाड पत्रा निवडावा, नाण्याएवढ्या जागेतील रंग सँडपेपरने खरवडून चकचकीत धातू उघडा करावा, वायरीला गोल लग दाबून तो बोल्ट आणि दातेरी वॉशरने घट्ट आवळावा, आणि वरून थोडे ग्रीस किंवा रंग लावावा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच तेथे गंज धरतो. सीटबेल्टच्या बोल्टखाली अर्थिंग कधीही दाबू नये. इंधनाच्या टाकीजवळ भोक पाडण्याचा विचारही करू नये.

एक स्पीकर मुका, किंवा सगळेच बेसूर

आधी डेकमधील बॅलन्स (डावे-उजवे) आणि फेडर (पुढे-मागे) मध्यावर आहेत ना ते पाहावे. लहान मुलांच्या हातात डेक गेल्यावर हा ‘बिघाड’ नेहमीचाच. त्यानंतर डेकमागे डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करावी. मुकेपणा दुसऱ्या बाजूला सरकला तर दोष डेकच्या त्या चॅनेलमध्ये आहे, त्याच दारात राहिला तर वायर किंवा स्पीकर दोषी आहे. पांढरी जोडी पुढच्या डाव्या, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची असते, आणि प्रत्येक जोडीत काळी रेघ असलेली वायर मायनसची.

पुढची मोजमापे कप्लर डेकपासून सोडवून घ्यावीत. जोडीच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजले असता ४ ओहमचा स्पीकर साधारण ३ ते ४ ओहम दाखवतो. आकडाच येत नसेल तर वायर तुटली आहे किंवा कॉइल जळली आहे. कपॅसिटरमधून जोडलेला एकटा ट्वीटर मात्र चांगला असूनही काहीच दाखवत नाही. त्यानंतर प्रत्येक वायर आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये मोजावे. येथे काहीही आकडा येता कामा नये. काही ओहम दिसले तर वायर कुठेतरी सोलून पत्र्याला टेकली आहे, आणि त्याची नेहमीची जागा म्हणजे दार आणि खांब यांच्यामधील रबरी नळी. दार उघडझाप करून वायर तेथेच मोडते. मीटर लावून ठेवून कोणाला तरी दार हळूहळू हलवायला सांगितले, की आकडा नाचताना दिसतो.

स्पीकरची मायनस वायर बॉडीला जोडू नये, हा नियम ठळकपणे लक्षात ठेवावा. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॉडीच्या तुलनेत सहा-सात व्होल्ट असतात. म्हणजे काळ्या रेघेची वायर नावाला मायनस असली तरी ती अर्थिंग नव्हे. ती पत्र्याला टेकली की डेक प्रोटेक्टवर जातो, म्हणजे स्वतःच्या बचावासाठी आवाज बंद करतो, आणि नशीब वाईट असेल तर आतील आउटपुट आयसी जळते. फार जुन्या काही गाड्यांत स्पीकरचा मायनस बॉडीवरच घेतलेला असे. तशा गाडीत नवा डेक बसवायचा असेल तर स्पीकरपर्यंत नव्या जोड्या ओढाव्याच लागतात.

सर्व स्पीकर वाजतात, पण बेस पोकळ आहे आणि गायकाचा आवाज समोरून येण्याऐवजी कुठूनही आल्यासारखा वाटतो, अशी तक्रार असेल तर एखाद्या स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडलेले आहे. डेकपासून वायरी सोडवून त्या जोडीला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावावा: सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला तर कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) बाहेर सरकतो, आत गेला तर जोडणी उलटी आहे. दाराच्या जाळीतून कोन दिसत नसेल तर बोटाचे टोक हलके टेकवून कळते.

पूर्ण आवाजात डेक फाटका वाजत असेल तर त्याचा दोष वायरिंगला देण्यापूर्वी थोडा हिशेब करावा. खोक्यावर ‘५० वॅट × ४’ छापलेले असते, म्हणजे २०० वॅट. मागचा फ्यूज १० अँपिअरचा असेल तर १४.४ व्होल्टला डेक सलगपणे घेऊ शकेल अशी एकूण ताकदच १४४ वॅट होते, आणि त्यातील बराच भाग उष्णतेत जातो. अशा डेकची खरी सलग ताकद प्रत्येक चॅनेलला २० वॅटच्या आसपास असते.

ॲम्प आणि वूफर

ॲम्पवर दोनच गोष्टी मोजायच्या असतात, आणि त्या ॲम्पच्या स्क्रूंवरच मोजाव्यात. प्लस आणि मायनस स्क्रूंमध्ये बॅटरीइतके व्होल्टेज हवे, आणि डेक चालू असताना रिमोट (निळी-पांढरी वायर येते तो स्क्रू) व मायनस यांच्यामध्ये सुमारे १२ व्होल्ट हवेत. पहिले आहे आणि दुसरे नाही, तर निळी-पांढरी वायर वाटेत तुटली आहे किंवा डेककडे ती अँटेनाच्या निळ्या वायरीला जोडली गेली आहे. काही डेकमध्ये निळी वायर फक्त रेडिओ चालू असतानाच करंट देते, त्यामुळे पेन ड्राइव्हवर गाणी लावली की वूफर गप्प होतो. या वायरीला आपला २१ वॅटचा बल्ब मात्र चुकूनही लावू नये. बऱ्याच डेकची रिमोट लाइन जेमतेम ३०० मिलिअँपिअर देऊ शकते, आणि बल्ब त्याच्या कितीतरी पट मागतो. ॲम्पबरोबर पंखा किंवा दुसरा ॲम्पही याच वायरीवर चालवायचा असेल तर मध्ये रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घालावा: ८५ आणि ८६ वर कॉइल, ३० वर फ्यूजमधून आलेला प्लस, आणि ८७ वरून पुढे.

आवाज वाढवला की ॲम्प बंद पडतो किंवा हेडलाइट गाण्याच्या तालावर मंद होतात, याचे कारण सहसा बारीक वायर असते. घराच्या वायरिंगमधील उरलेली अडीच स्क्वेअर एमएमची वायर डिकीपर्यंत ओढण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास होतो. पाच मीटर लांबीच्या अशा तांब्याच्या वायरीतून २० अँपिअर वाहू लागले, की सुमारे ०.७ व्होल्ट वायरीतच खर्च होतात; १६ स्क्वेअर एमएमच्या वायरीत हाच खर्च ०.१ च्या आसपास राहतो. शिवाय घरगुती पीव्हीसी वायरीचे इन्सुलेशन सामान्यतः ७० अंशांपर्यंतच्या कामासाठी असते, आणि उन्हाळ्यात इंजिनजवळ तेवढे तापमान सहज ओलांडले जाते. स्वस्त ‘ॲम्प किट’मधील जाडजूड केबल पुष्कळदा सीसीए, म्हणजे वरून तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते; ती वापरायची तर तांब्यापेक्षा एक माप जाड घ्यावी. टोक चाकूने खरवडले आणि आत पांढरा धातू दिसला तर काय ते समजावे.

ॲम्पच्या प्लस वायरीवरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो ॲम्पचे नव्हे, वायरीचे रक्षण करतो. डिकीत ॲम्पशेजारी लावलेला फ्यूज, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधील पत्र्याच्या) भोकाच्या कडेवर वायर घासून सोलली गेली तर काहीच उपयोगाचा नसतो. त्या भोकात रबरी ग्रोमेट बसवलेला आहे ना, हे एकदा टॉर्च धरून पाहावेच.

गाण्यामागची शिट्टी

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी अल्टरनेटरची असते, पण ती आवाजात शिरते ती बहुधा अर्थिंगच्या फरकातून. डेकचे अर्थिंग समोर, ॲम्पचे मागे, आणि दोन जागांच्या व्होल्टेजमध्ये थोडाही फरक असला की तो आरसीए केबलमधून वाहू लागतो. शोध घेताना एका वेळी एकच वस्तू काढावी. फोन चार्जरला लावलेला असताना ऑक्स केबलवरून गाणे चालू असेल तर चार्जर काढून पाहावा. शिट्टी तेथेच थांबली तर पुढचे काही करण्याची गरज नाही, ऑक्ससाठी ग्राउंड लूप आयसोलेटर लावावा किंवा ब्लूटूथ वापरावे. ती थांबली नाही तर सगळे बंद करून ॲम्पमधून आरसीए काढावेत आणि पुन्हा सुरू करावे. शिट्टी गेली तर ती समोरून येत होती, राहिली तर ॲम्पचे अर्थिंग किंवा स्पीकरच्या वायरी पाहाव्यात.

समोरून येत असेल तर दोन शक्यता राहतात. आरसीए केबल आणि ॲम्पची प्लस वायर एकाच बाजूने गालिच्याखाली गुंडाळून नेली असेल, तर एक डाव्या दाराकडून आणि दुसरी उजव्या दाराकडून न्यावी. तरीही फरक पडत नसेल तर डेकच्या आरसीए सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला आणि डेकच्या लोखंडी खोक्याला एका वायरीने क्षणभर जोडून पाहावे. शिट्टी लगेच थांबली, तर डेकमधील आरसीएच्या अर्थिंगवरचा बारीक फ्यूज उडालेला आहे. काही डेकमध्ये तो असतो, आणि काळी वायर निसटलेली असताना आरसीए जोडलेले राहिले की तो उडतो. म्हणून डेक चालू असताना आरसीए काढू-घालू नयेत. मध्यम लहरींवर आकाशवाणी ऐकताना येणारी घरघर मात्र वेगळ्या कुळातील; ती पुष्कळदा स्वस्त यूएसबी चार्जर किंवा एलईडी दिव्यांची असते आणि ते बंद करताच जाते. डेक बदलल्यानंतर एफएमच कमजोर झाले असेल, तर गाडीच्या अँटेनातील बूस्टरला निळ्या वायरीवरून करंट मिळतो का ते पाहावे.

सकाळी बॅटरी उतरलेली

मीटरची लाल काडी १० अँपिअरच्या खोबणीत घालावी, बॅटरीचा मायनस सोडवून खुंटी आणि सोडवलेली क्लिप यांच्यामध्ये मीटर लावावे, आणि मीटर जोडलेले असताना स्टार्टर मारू नये किंवा हेडलाइट लावू नयेत. दारे बंद करून अर्धा तास थांबावे, कारण गाडीतील संगणक झोपी जायला तेवढा वेळ घेऊ शकतात. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या आतील आकडा सामान्य मानला जातो. ३०० दिसत असेल तर दिवसाला सात अँपिअर-तासांहून अधिक गळती आहे. लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी अडीच दिवसांत निम्मी होते. आधी ॲम्पचा फ्यूज काढावा, मग डेकचा, आणि कोणत्या क्षणी आकडा पडतो ते पाहावे. ॲम्पचा निघाला तर रिमोट वायर डायरेक्टवर आहे. डेकचा निघाला तर लाल वायर, आणि अँड्रॉइड डेक असेल तर त्याच्या सेटिंगमधील स्लीपची वेळ. दोन्ही काढूनही आकडा हलला नाही तर गळती स्टीरिओची नाही. मोजून झाल्यावर लाल काडी लगेच व्होल्टच्या खोबणीत परत घालावी, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्ट मोजताना मीटरमधूनच शॉर्ट होतो.

सांधा पुन्हा बांधताना

दोष सापडलेली जागा पुन्हा पिळून टेप लावली तर पुढच्या उन्हाळ्यात तीच जागा पुन्हा शोधावी लागते. तांब्याच्या दोन टोकांवर योग्य मापाचा क्रिम्प दाबावा, ओढून पाहावा, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी आणि सांधा कापडी हार्नेस टेपने शेजारच्या जुडग्याला बांधून टाकावा, म्हणजे खड्ड्यांत तो लोंबकळत हलत नाही. डाख देता येत असेल तर द्यावा, पण डाख दिलेला सांधा मोकळा लोंबता ठेवू नये. हादऱ्यांनी तो डाखाच्या कडेला मोडतो. मूळ वायरीला चिमटा लावून पात्याने टोचणारे निळे किंवा लाल टॅप कनेक्टर झटपट बसतात, परंतु हलत्या आणि दमट जागी ते माझ्या मते वापरूच नयेत. दाराचे पॅनेल उघडले असेल तर आतील प्लास्टिकचा पडदा फाटलेला नाही ना ते पाहून तो पुन्हा चिकटवावा, कारण पावसाचे पाणी स्पीकरवर येण्यापासून तोच अडवतो.

फ्यूज पुन:पुन्हा उडत असेल आणि डेक व ॲम्प दोन्ही सोडवूनही उडतच असेल, एअरबॅगचा दिवा लागला असेल, किंवा वायर वितळल्याचा वास आला असेल, तर बॅटरीचा मायनस काढून ठेवावा आणि गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यावी. त्याला नुसते ‘टेप चालत नाही’ असे न सांगता, कोणत्या वायरीवर बल्बसह किती व्होल्ट आले, अर्थिंगवर किती आले आणि कोणता फ्यूज काढल्यावर काय बदलले, हे आकडे लिहिलेला कागद द्यावा.